जपानी गाडी आणि गुळाच्या ढेपा

उन्हाळ्यात म्हैस डबक्यात बसते तशी ती गाडी मळ्याच्या वाटेवर बसली होती. सगळा भार पोटावर, चाकं नुसती नावाला जमिनीला टेकलेली. वसंता आत बसून ॲक्सिलरेटर दाबत होता आणि मागची चाकं जागच्या जागी फिरून माझ्या तोंडावर धुरळा उडवत होती.

“तात्या, जरा ढकल की रं,” तो खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला.

“ढकलून तिचं पोट फाडू का? इंजिन बंद कर आधी.”

वसंता माझा शाळेतला दोस्त. कुंडलच्या ऊसवाल्या घरातलं शेंडेफळ. घरातले बाकीचे पुरुष शेतीत नाहीतर पलटणीत. हा एकटा बोटीवर गेला, इंजिनिअर म्हणून. पंच्याहत्तर-शहात्तरच्या सुमाराला रजेवर आला तो ही जपानी गाडी घेऊनच. बंदरावर तिचे काय सोपस्कार झाले ते त्याचं त्याला माहीत. दोन दारं, लांब नाक, सहा सिलिंडर, रंग पिकल्या मिरचीचा. मागं एक अरुंद बाक होता. त्यावर दोन माणसं मावतात, असा जपान्यांचा समज असावा.

माझं गॅरेज सांगलीत. हाताखालून गेलेली जनावरं म्हणजे ट्रॅक्टर, जीप आणि उसाचे ट्रक. स्पोर्ट्स कार मी फक्त कॅलेंडरवर बघितली होती. पण वसंतानं “तुला जमंल का?” असं विचारलं. हा प्रश्न कुणी विचारला की माझं तोंड ‘हो’ म्हणून मोकळं होतं, डोकं मागाहून येतं.

अडचण अशी होती. वसंताचं घर मळ्यात. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट उसाच्या बैलगाड्यांनी खणलेली. दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या आणि मधे गवत उगवलेला वरंबा. जीपला काही नाही, ती वरून निघून जाते. ही गाडी मात्र जमिनीपासून वीतभरसुद्धा उंच नव्हती. येताना ती बैल लावून घरापर्यंत ओढून आणली होती. रोज बैल लावून बाहेर काढायची असेल तर सहा सिलिंडर कशाला हवेत, हा वसंताच्या थोरल्या भावाचा, आबांचा सवाल होता आणि तो रास्त होता.

पण खरी निकड आबांची नव्हती, त्यांच्या आईची होती. मी त्यांना मावशी म्हणायचो.

वसंता पहिल्यांदा समुद्रावर गेला तेव्हा मावशींनी म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस बोलला होता. पोरगं सुखरूप परत आलं आणि स्वतःच्या कमाईची गाडी घेऊन आलं, तर त्याच गाडीत बसून दर्शनाला येईन. त्याच गाडीत. एसटी नाही, आबांची जीप नाही. नवस बोलताना देवाला गाडीचा मेक सांगितला नव्हता, एवढीच काय ती ढिलाई.

वसंताची रजा संपत आली होती. मधे एकच रविवार उरला होता, मंगळवारी त्याला मुंबईला बोटीवर हजर व्हायचं होतं. मग वर्षभर नाही.

“पुढच्या रजेला जाऊ की गं आई,” तो एकदा म्हणून बघत होता.

मावशी जोंधळे निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. “पुढल्या रजेपत्तूर गाडी टिकंल. माजा भरवसा न्हाई.”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी गाडी सांगलीला आणली आणि उपाय ठरवला: उंच करायची. स्प्रिंगचं वरचं टोक आणि बॉडी यांच्यामधे जाड लोखंडी कडं घालायचं, म्हणजे बॉडी तेवढी वर उचलली जाते. याला इंग्रजीत स्पेसर म्हणतात. आम्ही पॅकिंग म्हणतो. आमच्या गल्लीत रसूलभाईंची लेथ होती. मी जाऊन मापं सांगितली.

“मागची जरा जास्त जाड करा,” मी म्हणालो.

“मागं जास्त कशाला?”

“बोजा मागंच पडतो ना.”

रसूलभाईंनी मान डोलावली. त्यांचाही सगळा जन्म ट्रॉल्यांत गेलेला. आमच्या मुलखात गाडी म्हटलं की मागं ऊस भरायचा, हे दोघांच्या रक्तातच होतं. ही गाडी मागं काय वाहणार, हे दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. त्यांनी कडी अशी सुबक काढून दिली की ती गाडीत घालून झाकायची मला लाज वाटत होती.

पॅकिंग घातलं. जोडीला इंजिनचं टायमिंग आपल्याकडच्या पेट्रोलला सोसेल असं मागं घेतलं. गाडी मळ्याच्या वाटेवरून न घासता गेली तेव्हा आबांनी फेटा मागं सारून म्हटलं, “मिस्त्री, जपान्याला जे न्हाई जमलं ते तुमी केलं.” हे वाक्य मी सांगलीत बऱ्याच लोकांना सांगितलं. तेवढी घाई करायला नको होती.

दुसऱ्याच दिवशी वसंता गॅरेजात आला.

“तात्या, गाडी हलतीया.”

“हलायलाच आणलीस की रं.”

“मस्करी नगं करूस. साठाच्या वर गेली की खालनं थरथरती. आईला फिरवून आणली, ती पलूसच्या अलीकडंच उतरली. म्हणाली, जात्यावर बसल्यागत वाटतंय, हाडं सुटी व्हत्याती. असल्या गाडीत म्हसवडला जाणार न्हाई म्हणती.”

मी हत्यारांची पेटी उचलली आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो. इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळात माझी तब्येत चांगली होती. म्हणजे बायको ‘चांगली’ म्हणायची. बाकीचे दुसरे शब्द वापरायचे. त्या बाकावर मी एकटा बसलो तरी गुडघे कानाला लागत होते. पेटी मांडीवर घेऊन, कान खाली लावून मी ऐकत राहिलो. वसंतानं गाडी साठ, सत्तर, ऐंशीवर नेली. काही नाही. पाटातलं पाणी जावं तशी गाडी चालली होती.

“कुठं हलतीया?”

“आता न्हाई हलत,” वसंता ओशाळून म्हणाला.

“बोटीवर राहून तुलाच सगळं हलल्यासारखं वाटत असंल.”

मी गॅरेजशी उतरलो. तो तासाभरात परत आला. “तू उतरलास की हलती.”

तापात असलेलं पोर डॉक्टरसमोर हसतं-खेळतं, तसं हे होतं. मी निष्कर्ष काढला की दोष चालवणाऱ्याचा आहे. मग खात्रीसाठी एकट्यानं गाडी बाहेर काढली. साठावर काटा गेला आणि स्टेअरिंगवरचे माझे हात, हनुवटी आणि खिशातली चुन्याची डबी एकदम थरथरायला लागली. गॅरेजात परत आलो तेव्हा मी वसंताच्या ड्रायव्हिंगबद्दल काही बोललो नाही.

मग मी कामाला लागलो. चाकं काढली, फिरवून बघितली, शिसं लावून तोलली. प्लग बदलले. दोन कार्बोरेटर होते. दोघं सारखी हवा ओढतात का ते रबरी नळी कानाला लावून ऐकलं आणि जुळवलं. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती रबरं तपासली. एवढं सगळं करून मग गाडी उभीच ठेवून, न्यूट्रलमधे इंजिन जोरात फिरवलं. काडीची थरथर नाही. म्हणजे इंजिनात काही नव्हतंच. ही तपासणी सगळ्यात आधी करायची असते. शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. मी ती सगळ्यात शेवटी केली, कारण सहा सिलिंडरचं इंजिन उघडायची हौस मला आधीपासून होती.

आबा चौकशीला आले. पायरीवर बसून त्यांनी पान लावलं.

“मुंबैवरनं आली तवा हलत नव्हती,” ते म्हणाले.

“तो डांबरी रस्ता होता, आबा.”

“पलूसचा बी डांबरीच हाय की.”

“त्या डांबरात आणि ह्या डांबरात फरक असतो.”

आबांनी पान चघळत माझ्याकडं बराच वेळ बघितलं. ते पलटणीत होते. समोरचा खोटं बोलतोय हे ओळखायचं त्यांना शिक्षण होतं आणि गप्प बसायचंही. शनिवार उजाडला होता. जाताना एवढंच म्हणाले, “म्हातारी उद्या न्हाऊन-धुऊन बसणार हाय, मिस्त्री.”

रविवारी सकाळी मी माझी जीप घेऊन कुंडलला गेलो; गाडी वसंतानं आदल्या रात्रीच घरी नेली होती. मनात ठरवलं होतं की सरळ सांगायचं, मावशी, गाडी हलतीच आहे. पण तिथं वेगळंच चाललं होतं. घरचं गुऱ्हाळ नुकतंच झालं होतं आणि मावशी नव्या गुळाच्या ढेपा गाडीच्या मागं चढवून घेत होत्या. एकेक ढेप दोघांनी धरावी एवढी. दोन बाकावर, दोन त्याच्या मागं. मोकळ्या हातानं देवाला जायचं नाही आणि वाटेत नातलगाचं घर आलं तर दारावरून तसंच पुढं जायचं नाही, हा त्यांचा कायदा.

“गाडी देवाला चाललीया का बाजाराला?” आबा म्हणाले.

“तुज्या सासऱ्याला बी एक हाय त्यात. देऊ का उतरून?”

मावशी दाराशी आल्या. वाकून आत बघितलं. “ह्यात बसायचं का आडात उतरायचं?” वसंतानं सीटवर घोंगडं घडी करून टाकलं, हाताला धरून त्यांना आत घेतलं. आत बसल्यावर त्यांनी काष्टा सावरला, पदर डोक्यावरून घेतला आणि समोर बघत म्हणाल्या, “हलली तर मी विट्याला उतरून एसटीनं माघारी येनार. मग माजा नवस तूच फेड.”

वसंताचा चेहरा पडला. मी मागून जीपमधे निघालो. देवाचं नाव घेतलं, कार्बोरेटरचं घेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

लाल गाडी हां हां म्हणता दिसेनाशी झाली. विट्याला मावशींच्या बहिणीच्या दारात ती उभी होती. मावशी ओसरीवर बसून चहा पीत होत्या, म्हणजे एसटीला गेल्या नव्हत्या.

“लोण्यागत आली रं,” वसंता म्हणाला. “काय केलंस काय?”

“कार्बोरेटर,” मी म्हणालो.

बहिणीला एक ढेप उतरवली. दोन गल्ल्या पलीकडं आबांची सासुरवाडी, तिथं एक. आम्ही पुढं निघालो. मायणीच्या अलीकडं वसंतानं गाडी बाजूला घेऊन हात केला. “तात्या, जराजरा हलाय लागली.” मावशींनी दाराची मूठ घट्ट धरली होती. मायणीला भाचीचं घर. तिथं तिसरी ढेप उतरली. तिथून फर्लांगभर गेलो नसू तर गाडी परत थांबली. या वेळी मावशी उतरून रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या.

“मिस्त्री,” त्या म्हणाल्या, “मगाशी बरी व्हती. आता दात वाजत्यात माजं. माणसाच्या जिवाला काय घोर लावलाय तुमी दोघांनी.”

मी जीपमधून उतरलो आणि पहिल्यांदाच त्या गाडीकडं मागून, जरा लांबून बघितलं. गाय उठताना आधी मागचं अंग उचलते. गाडी तशी उभी होती. ढुंगण वर, नाक खाली. घरातून निघताना ती अशी नव्हती. मधल्या वाटेत काय बदललं होतं? तीन ढेपा.

मी रस्त्यावर उताणा पडून खाली सरकलो.

ट्रकला, जीपला मागं एक आडवी लोखंडी नळी असते, चाकं तिलाच जोडलेली. बॉडी कितीही उचला, ती नळी चाकांबरोबर खालीच राहते. या गाडीला तसं नव्हतं. मधला डिफरन्शियल, म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा दातऱ्यांचा डबा, वर बॉडीला टांगलेला. त्यातून दोन आखूड दांडे दोन चाकांकडं गेलेले. दांड्याच्या दोन्ही टोकांना सांधा, आम्ही त्याला क्रॉस म्हणतो. तो आपल्या मनगटासारखा असतो. मनगट सरळ ठेवून रवी घुसळा, हात सुरळीत चालतो. मनगट मुडपून घुसळा, झटके बसतात. मी बॉडी उचलली, तिच्याबरोबर डबा वर गेला, चाकं खाली राहिली आणि दांडे उतरणीला लागले. मागचं पॅकिंग तर मी मुद्दाम जास्त जाड घेतलं होतं. चारही मनगटं मुडपलेली.

“वसंता, मागं बस जरा.”

तो मागच्या कडेवर टेकला. दांडे थोडे सरळ झाले. मी खालीच पडून राहिलो. डोळ्यासमोर सगळं ओळीनं आलं. मी पेटी घेऊन मागं बसलो की हलत नव्हती. मी उतरलो की हलत होती. चार ढेपा असताना लोण्यागत. उसाच्या मुलखातल्या मिस्त्रीनं गाडी ऊस वाहायच्या हिशेबानं उंच केली होती, आणि ऊस भरला नाही म्हणून ती थरथरत होती.

“काय सापडलं का?” वसंता वरून विचारत होता.

“सापडलं.”

“काय?”

“मी.”

बाहेर येऊन त्याला सगळं सांगितलं. तो बोटीवरचा इंजिनिअर. त्यालाही हे दिसलं नव्हतं, म्हणून मला शिव्या देताना त्यानं हात जरा आखडता घेतला. प्रश्न आत्ताचा होता. रस्त्याच्या कडेला स्प्रिंगा उतरवणं शक्य नव्हतं. दाबात असलेली स्प्रिंग नीट न धरता सोडली तर माणसाचा जबडा घेऊन जाते. माघारी वळलो तर नवस राहिला. पुढं असंच गेलो तर मावशी बसायला तयार नव्हत्या.

“वजन पायजे मागं,” वसंता म्हणाला. “धोंडं घालू की. हितं काय कमी हाईत?”

माण तालुक्याच्या त्या बाजूला धोंड्यांचा तुटवडा खरंच नव्हता. त्यानं दोन उचललेही.

“ठेव खाली,” मावशी म्हणाल्या. “नवस फेडाय निघालोय आपुन. देवाच्या दारात धोंडं भरून नेऊ व्हय?”

“मग काय घालू गं आई?”

मावशींनी माझ्याकडं बघितलं, वरपासून खालपर्यंत, बाजारात बैल बघतात तसं. वसंतानंही बघितलं. मला जीप भाचीच्या दारात लावून यायला लागलं. परत आलो, पेटी मांडीवर घेतली, उरलेल्या ढेपेला कवळ मारली आणि गुडघे कानाला लावून बसलो. गाडी खाली बसली. दांडे सरळ झाले असणार, कारण सत्तरच्या वेगाला मावशींनी दाराची मूठ सोडली.

थोडं पुढं गेल्यावर त्यांनी मागं न बघताच विचारलं, “वसंता, पाव्हण्यांच्या समद्या ढेपा देऊन झाल्या. ही मागली कुणाच्या दारात उतरवायची रं?”

“ही कुणी घेणार न्हाई, आई.”

“व्हय. खाणारी ढेप हाय.”

म्हसवडला गाडी देवळाच्या बाहेर उभी केली तेव्हा बघायला निम्मा बाजार गोळा झाला. लाल गाडीतून आधी नऊवारीतली म्हातारी उतरली, मग वसंता, आणि मग मागून मी, टप्प्याटप्प्यानं. मावशींनी नारळ वाढवला, गाडीला हळदकुंकू लावलं, शेवटची ढेप देवळात दिली. देवासमोर त्या किती वेळ उभ्या राहिल्या ते मी मोजलं नाही. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते आणि वसंताच्या गालावर हळदीची दोन बोटं उमटलेली होती.

आता ढेपही नव्हती, म्हणून माझी जीप भाचीच्या दारातच राहिली आणि मी मागच्या बाकावरच. येताना मायणीला आणि विट्याला, ज्या ज्या घरी गूळ दिला होता त्या त्या घरी आम्ही परत थांबलो. सगळीकडं मावशी आत जाऊन एकच सांगायच्या, “मिस्त्रीला पोटभर घाला बाई, न्हाईतर गाडी हलती.” मायणीला पिठलं-भाकरी, विट्याला दोन घरी दोनदा पुरणपोळी. तिसऱ्या वेळी मी नको म्हणालो तर मावशी म्हणाल्या, “आवं, तुमच्यासाठी न्हाई, क्रॉससाठी खावा.” मी ‘क्रॉस’ हा शब्द त्यांना समजावला होता, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. आबांच्या सासऱ्यांनी तर माझ्या मांडीवर पेटी असूनही पाटा-वरवंटा द्यायची तयारी दाखवली.

सोमवारी मी मळ्यातच गाडी उचलून पॅकिंगं काढली. क्रॉस तपासले. जरा ढिले झाले होते, पण मोडले नव्हते. गाडी परत वीतभराच्या आत आली. वाटेचं काय, असं मी विचारणार होतो, तोवर बाहेर फावड्यांचा आवाज आला. आबा आणि त्यांचे गडी वाटेवरचा मधला वरंबा तासत होते. ती माती चाकोऱ्यांतच पडत होती. दोन्ही कामं एकदम. दुपारपर्यंत घरापासून डांबरीपर्यंत वाट सपाट झाली आणि गाडी कुठंही न घासता बाहेर पडली. हे काम पहिल्याच दिवशी करता आलं असतं. पण पहिल्या दिवशी घरात मिस्त्री होता, म्हणून फावडं कुणाला सुचलं नाही.

वसंता ठरल्या दिवशी बोटीवर गेला.

त्या गाडीनं मला एक नियम शिकवला आणि मी तो पुढं कायम पाळला. गाडी बिघडून आली की बॉनेट उघडायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारायचं, हिला शेवटचा हात कुणाचा लागला? बिघाड बहुतेक वेळा तिथंच असतो. निम्मी गिऱ्हाइकं म्हणतात, “तुमचाच की.” मग मी चहा मागवतो आणि सावकाश पाना शोधायला लागतो.